लाल धाग्याचा वळसा

सोमवार, २ फेब्रुवारी

आज मंडळाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून मी जाहीर केलं, की भाषणं पुरे झाली. सगळ्या जणी हसल्या. चिटणीसबाई म्हणाल्या, "हे सांगायला तुम्ही पाऊण तास घेतलात."

हसू देत. घरकाम करणाऱ्या बायकांची आमची संघटना एकोणीस वर्षं एकच गोष्ट घसा फोडून सांगते आहे: घर आपोआप चालत नाही, ते कुणाच्या तरी पायांवर चालतं. ऐकणारे माना डोलावतात, घरी जातात आणि बसल्या जागेवरून पाणी मागतात. कानांना पटत नसेल तर डोळ्यांना पटवू. २८ तारखेच्या मेळाव्यात एका खऱ्या घराचा नकाशा भिंतीवर लागेल. घरातल्या प्रत्येक माणसाचा एक रंगीत धागा. तो माणूस घरात जसा चालला तसा धागा टाचण्यांवरून न्यायचा. कोण किती झिजतं ते उघड्यावर येऊ दे.

"घर कुणाचं?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"माझं."

दुसऱ्यांच्या घरांवर बोलणाऱ्या बाईने आधी स्वतःचं दार उघडायला हवं.

घरी सांगितलं तर सारथी वैतागला. सारथी म्हणजे माझा नवरा. शाळेची व्हॅन चालवतो, सव्वीस वर्षांत एक दिवस उशीर नाही. तो मला भोंगा म्हणतो. "म्हणजे मी संडासला किती वेळा गेलो तेही माईकवरून सांगणार का?" मी म्हटलं, आकडा मोठा असला तर नक्की सांगेन.

आमची मुलगी, पेन्सिल, एका वास्तुरचनाकाराकडे नकाशे काढते. ती मात्र लगेच तयार झाली. "पण आई, मापात काढायचं. आणि तुझाही धागा लावायचा."

लावू की. मला कसली भीती?


बुधवार, ४ फेब्रुवारी

पेन्सिलने घराचा नकाशा काढून त्याच्या साठ प्रती आणल्या. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, त्या दोघांना जोडणारा पॅसेज, दोन झोपायच्या खोल्या, बाल्कनी. टेबल, कपाट, फ्रिज, सगळं जागच्या जागी. दर तासाला नवी प्रत घ्यायची आणि माणूस चालला तशी रेघ मारायची.

मी पहिली रेघ दारापासून ओट्यापर्यंत सरळ मारली, तर तिने पेन काढून घेतलं.

"बाबा असे नाही गेले. टेबलाला वळसा घालून गेले."

"काय फरक पडतो? पोचले ना?"

"आई, तू भाषण कर. नकाशा मला करू दे."

तिच्या साहेबांनी तिला फार शिस्त लावली आहे. मला अशी माणसं आवडतात, माझ्याच घरात नसली तर जास्त.


शनिवार, ७ फेब्रुवारी

खरं लिहायचं म्हणून ही वही आहे, तेव्हा लिहिते. रोज रात्री टाचण्यांवरून धागे मी ओढते आणि माझा निळा धागा लाजिरवाणा आहे. दारापासून खुर्ची, खुर्चीपासून पलंग. पेन्सिल म्हणाली, "हा धागा आहे की पाहुण्यांचं वेळापत्रक?" सगळ्यात लांब धागा सारथ्याचा, लाल. सकाळचा चहा, भांडी, कपडे वाळत घालणं, सगळं त्याच्याकडे. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठाऊक असणं आणि पाहणं यांत फार अंतर निघालं. मेळाव्यात मी हे लपवणार नाही.

एक गंमत. सगळ्यांचे धागे पॅसेजमधून मधोमध जातात. लाल धागा तसा जात नाही. स्वयंपाकघरात जाताना तो एका भिंतीलगत जातो, येताना समोरच्या भिंतीलगत येतो. बाहेरच्या खोलीतही कडेकडेनेच. खोलीच्या मधोमध एकही लाल टाचणी नाही.

"असं का?" पेन्सिलने विचारलं.

मला उत्तर तत्काळ सुचलं. पुरुषाने घरात कितीही काम केलं तरी घर त्याला आपलं वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या त्याला शिकवलं गेलं, की इथे तू मुक्कामाला आहेस. म्हणून तो मध्य टाळतो, परक्यासारखा कडेने वावरतो. काय जबरदस्त मुद्दा आहे! दोन पानं टिपणं काढली.

पेन्सिल म्हणाली, "पण दोन्ही वेळेला भिंत त्यांच्या डाव्या हातालाच आहे."

बारकावे शोधण्यात ही पोर मूळ मुद्दा हरवते. तिला म्हटलं, त्यापेक्षा त्या भिंतींवर कमरेएवढ्या उंचीला मळकट पट्टे उमटलेत ते पुसून घे. रंग देऊन वर्ष झालं नाही.


मंगळवार, १० फेब्रुवारी

व्हॅनचा डावीकडचा आरसा पुन्हा फुटला. तीन महिन्यांत तिसरा. सारथी म्हणतो फाटक अरुंद आहे. फाटक सव्वीस वर्षं तेवढंच आहे, पण मी बोलले नाही. त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

आरशाचं एक वेळ सोडा. एका पालकाने शाळेकडे लेखी तक्रार केली आहे. त्याची मुलगी डाव्या दारातून उतरत होती, दुसरा पाय अजून पायरीवर होता आणि व्हॅन हलली. मुलांना चढवणारी-उतरवणारी मावशी ओरडली म्हणून थांबली. त्या माणसाने लिहिलंय, की चालकाला कामावरून दूर करा.

सव्वीस वर्षांवर एक कागद! एका सेकंदाच्या चुकीसाठी माणसाचं पोट आणि मान दोन्ही काढून घ्यायला ही मंडळी सदा तयार. उद्या मी शाळेत जाणार.


बुधवार, ११ फेब्रुवारी

गेले. बोलले. जिंकले.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत तो तक्रार करणारा पालकही होता. मी त्याला विचारलं, "तुमच्या कार्यालयात तुमच्याकडून सव्वीस वर्षांत एकच चूक झाली का? मग तुमची खुर्ची अजून शाबूत कशी?" मालकाची नजर काय असते, राबणाऱ्याकडे संशयाने पाहायची सवय कुठून येते, सगळं काढलं. तो माणूस शेवटी एवढंच म्हणाला, "बाई, मला माझी मुलगी दिसते आहे, बाकी काही नाही." मुख्याध्यापिकांनी तक्रार फाइलला लावून विषय संपवला.

घरी येऊन सारथ्याला शब्दन् शब्द सांगितला. तो चहा ओतत होता. हल्ली कपाच्या आत बोटाचं टोक ठेवून ओततो, बोटाला लागला की थांबतो. चार वेळा सांगून झालं, हे अस्वच्छ आहे.

"तू जायला नको होतंस," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी गेले."

"तेच म्हणतोय."

भला माणूस आहे. स्वतःसाठी कुणी भांडलेलं त्याला कधीच सहन झालं नाही.


शनिवार, १४ फेब्रुवारी

आज थोडं वैयक्तिक. मी बत्तीस वर्षं पलंगाच्या ज्या बाजूला झोपते ती बाजू त्याने मागून घेतली. कारण विचारलं तर म्हणे उकडतं. जेवायच्या टेबलाशीही जागा बदलल्या. आता तो भिंतीला डावा खांदा लावून बसतो आणि आम्ही दोघी त्याच्या उजवीकडे, कोर्टात बसवल्यासारख्या. परवा, जागा बदलायच्या आधी, मी नेहमीप्रमाणे त्याच्या डावीकडे बसले आणि बराच वेळ बोलत राहिले. त्याने दचकून मान पूर्ण वळवली. "अगं, तू इथे आहेस होय?"

माझा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जातो आणि नवऱ्याला मी कुठे बसलेय ते समजत नाही. पुरुषाच्या उदासीनतेवर मी इतकी वर्षं बोलले, ती आपल्याच टेबलावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. लागलं मनाला.


मंगळवार, १७ फेब्रुवारी

सारथी पडला. पॅसेजमध्ये पेन्सिलने स्टूल ठेवलं होतं, दिव्याची काच पुसायला. रोजच्यासारखा भिंतीच्या कडेने आला आणि धाडकन त्यावर. गुडघा सोलला. पण पडण्यापेक्षा नंतरचं वाईट होतं.

"वाटेत वस्तू ठेवू नका म्हणून किती वेळा सांगायचं? घर आहे की गोदाम?"

त्याने आवाज चढवलेला मी शेवटचा कधी ऐकला, आठवत नाही. पेन्सिल रडली नाही. ती स्टुलाकडे बघत राहिली. भलंमोठं, पांढरं स्टूल, दिवसाच्या लख्ख उजेडात.

नंतर ती माझ्याकडे आली. "आई, बाबांचे डोळे तपासून घेऊ या."

त्याने ऐकलं. काही न बोलता माझ्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई घेतली, लाल धागा घेतला आणि पहिल्या झटक्यात ओवून तिच्या हातात दिला. "डिसेंबरात चष्म्याच्या दुकानात खालची शेवटची ओळ वाचली मी. तुझ्या साहेबांना वाचायला सांग."

मी टाळी वाजवली. पेन्सिलला म्हटलं, मिळालं उत्तर? ती सुई हातात धरून उभीच राहिली.


शनिवार, २१ फेब्रुवारी

व्हॅनमधली मावशी सोमवारपासून रजेवर जातेय. तिची मुलगी बाळंत होणार आहे. सारथ्याने तिला दोनदा थांबायला सांगितलं म्हणे. त्याने असं कधी कुणाला अडवलेलं नाही. बाळंतपण काय आठवडा पुढे ढकलायचं?

ती जाता जाता घरी आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"ताई, माझ्या जागी कुणाला तरी बसवा. कुणीही चालेल. पण बसवा."

"शाळा पाहील गं."

"शाळेला वाटतं मी नुसती दार उघडते. ताई, डावीकडचं सगळं मीच सांगते त्यांना. सायकल आली, माणूस आला, मोकळं आहे. त्यांना मी म्हटलं, घरी सांगा. ते म्हणाले, सांगतो." ती थांबली. "सांगितलं का?"

"तुझ्या रजेचं ना? सांगितलं की."

तिने माझ्याकडे कसंनुसं पाहिलं आणि गेली. मी भारावले होते. बघा, एका मोठ्या कामामागे केवढं अदृश्य काम असतं! चालक गाडी चालवतो असं जग समजतं आणि त्याचे अर्धे डोळे ती बाई असते. हे वाक्य जसंच्या तसं भाषणात घालणार.


बुधवार, २५ फेब्रुवारी

सारथी हल्ली अर्धा तास आधी निघतो आणि तासभर उशिरा येतो. जेवण निम्म्यावर. शर्ट पाठीला चिकटलेला असतो, आणि अजून उन्हाळा लागलेला नाही. शाळेने मावशीच्या जागी कुणी दिलेलं नाही.

मी भाषणाची टिपणं पाहत होते. तो समोर येऊन बसला.

"मी गाडी सोडली तर?"

मी पेन ठेवलं. "त्या तक्रारीमुळे? एका माणसाच्या कागदापुढे तू मान टाकणार? मी तिथे कुणासाठी उभी राहिले मग?"

"तक्रारीचं नाही."

"मग कशाचं? दमलास? रजा घे. पण सोडणं म्हणजे त्यांचं म्हणणं खरं होतं असं कबूल करणं."

त्याने माझी टिपणं माझ्याकडे सरकवली. "तुझ्याशी बोलायचं म्हणजे हात वर करून परवानगी घ्यावी लागते," म्हणाला आणि उठला. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेला.

पट्टे पुन्हा उमटलेत.


शनिवार, २८ फेब्रुवारी

आज सगळं क्रमाने लिहिते.

सभागृह भरलं होतं. नकाशा पडद्याएवढा दिसत होता. माझ्या निळ्या धाग्यावर सगळ्या पोट धरून हसल्या, मीही हसले. मग लाल धाग्याकडे वळले. परक्यासारखा कडेने वावरणारा पुरुष, न सापडलेलं घर, सगळं मांडलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली एक बाई टाळ्या वाजवत नव्हती. सात घरची भांडी घासते, मंडळात कधी तोंड उघडत नाही. ती उठून नकाशाजवळ आली आणि बोटाने लाल धागा धरत गेली. जाताना या भिंतीने, येताना त्या भिंतीने.

"ताई, हा माणूस चाचपत चालतोय."

"म्हणजे?"

"डाव्या हाताने भिंत धरून जातोय, डाव्याच हाताने धरून येतोय. माझे सासरे असेच चालायचे. त्यांना त्या बाजूचं दिसायचं नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. रस्त्यात सायकल अंगावर आली तेव्हा समजलं." तिने माझ्याकडे वळून साध्या आवाजात विचारलं, "कोण आहेत हे? काय काम करतात?"

माईक चालू होता. मी लाल धाग्यावर बोट ठेवलं.

कप. पलंग. आरसा. पायरीवरचा पाय. मावशी दारात उभी.

घड्याळात बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं. शनिवारची शाळा साडेबाराला सुटते. फोन लावला, त्याने उचलला नाही. गाडीजवळ असला की तो फोन उचलत नाही, त्याचा नियमच आहे. शाळा दोन रस्ते सोडून. मी माईक तसाच टाकला आणि धावले. छप्पन्न वर्षांची बाई भर रस्त्यात धावताना कशी दिसते याची मला आज पर्वा नव्हती.

पोचले तेव्हा व्हॅन फाटकाबाहेर उभी होती, मुलं डाव्या दारातून चढत होती. सारथी जागेवर बसला होता. मी डावीकडून आले आणि पुढच्या खिडकीपाशी उभी राहिले. आमच्यात एक रिकामी सीट. हाक मारली नाही. हात वर केला, हलवला. तो समोर पाहत होता. मी नव्हतेच तिथे. खात्री करून घेण्यासाठी मी आपल्याच माणसाची अशी परीक्षा घेत होते आणि मला माझी लाज वाटत होती.

"झालं का रे सगळे?" त्याने मान न वळवता विचारलं.

"झालंऽऽ" मुलं ओरडली. मागचं दार सरकलं. इंजिन सुरू झालं.

एक मुलगी बाहेर होती. डाव्या कोपऱ्यावर, बॉनेटला टेकून, पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. तिचं डोकं बॉनेटच्या वर दिसत होतं, केसांतली पिवळी पिनसुद्धा. कुणालाही दिसली असती.

मला ओरडायचं होतं. या घशाने दहा हजारांच्या सभा गप्प केल्या आहेत. आवाज फुटला नाही. मी दोन्ही हात बॉनेटवर आपटले, आपटत राहिले.

गाडी वीतभर पुढे येऊन बंद पडली. मुलगी घाबरून माझ्या साडीला चिकटली. सारथ्याने आधी समोर पाहिलं, मग मान हळूहळू पूर्ण डावीकडे वळवली. आधी मी दिसले. मग ती.

तो खाली उतरला. बॉनेटला हात लावत पुढून फिरून आमच्यापर्यंत आला. किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. आवाज ऐकून पालक जमले होते, मुख्याध्यापिका फाटकातून येत होत्या. मी तोंड उघडलं, सवयीने. त्याने माझ्या दंडावर हात ठेवला.

"मी बोलतो," म्हणाला. "मला डावीकडचं दिसत नाही. दिवाळखोर माणूस जसा लपवतो तसं मी चार महिने लपवलं. वाटलं, सांभाळून चालवलं की निभेल. मावशी सांगायची त्यावर चालवत होतो. ती तुम्हाला सांगणार होती, मीच तिला शपथ घातली. या आठवड्यात तीही नव्हती. मुलांच्या घरी फोन करा. आज ही गाडी मी हलवणार नाही. आजच नाही, कधीच नाही."

त्याने आयुष्यात केलेलं हे एवढंच भाषण. कुणी टाळी वाजवली नाही.

एक आई खाली बसून मुलाला कवटाळून रडायला लागली. कुणीतरी शिवी दिली. सारथ्याने मान खाली घातली नाही, ती ऐकून घेतली. गर्दीतून तो तक्रारवाला पालक पुढे आला. बॉनेटपाशी उभी होती ती त्याचीच मुलगी. त्याने तिला उचलून घेतलं. त्याला माझ्यावर ओरडायचा पूर्ण हक्क होता. तो हळू आवाजात बोलला.

"तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

"माझ्या हाताने रोज काढत होते," मी म्हणाले. "वाचता आलं नाही."


मंगळवार, ३ मार्च

काल डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर कडांकडून जात जात मध्ये चिमूटभर उरली आहे, म्हणून सुई ओवता येत होती. उजव्या डोळ्याचीही नाकाकडची बाजू जायला लागली आहे. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवता येईल, बहुतेक. "बहुतेक" या शब्दावर सारथी तपासणीच्या खुर्चीत हसला. "डॉक्टर, हिच्यासमोर असे शब्द वापरू नका, मोर्चा काढेल."

डॉक्टरांनी त्याच्या नजरेचं चित्र छापून दिलं. गोल कागद, दिसतं तिथे पांढरं, नाही तिथे काळं. पेन्सिलने ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सहा महिन्यांपूर्वी आलो असतो तर हे केवढं असतं?" डॉक्टरांनी बोटाने दाखवलं. ती बाहेर जाऊन जिन्यात बसली. तिने मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

आज सकाळी शाळेत गेले. मुख्याध्यापिकांना म्हटलं, त्या दिवशीचं माझं बोलणं मी मागे घेते, लेखी देते. पाच ओळी लिहायला दीड तास लागला. त्यांनी वाचून विचारलं, "एवढंच?" म्हटलं, एवढंच खरं आहे. त्या पालकाच्या घरीही गेले. त्याने दार उघडलं, पाहिलं आणि लावून घेतलं. त्याचं बरोबर आहे.

डोळ्यांत थेंब घालायचे आहेत. दिवसातून दोनदा, जन्मभर, एकही वेळ न चुकता. त्याला स्वतःला जमत नाही, म्हणून मी. तो खुर्चीत मान मागे टाकून बसला. मी त्याला समजावत होते, की हा आजार लाखो लोकांना कळतही नाही, गावोगावी तपासण्या व्हायला हव्यात, आपण मंडळातर्फे... पहिला थेंब भुवईवर पडला. दुसरा गालावर.

"भोंग्या," तो म्हणाला, "तू बोलतेस तेव्हा तुझा हात हलतो."

मी गप्प झाले. श्वासही रोखला. त्याच्या पापणीला बोट लावून खाली ओढली. एवढ्या जवळून हे डोळे मी किती वर्षांत पाहिले नव्हते. तिसरा थेंब बरोबर पडला.

"आता दुसरा डोळा," तो म्हणाला. मी मान हलवली. मग लक्षात आलं, की मी त्याच्या डावीकडे उभी आहे. खुर्चीला वळसा घालून उजवीकडे गेले.